ऑक्टोबरचा सल्ला: ठिबक सुरू करण्याआधी पाण्याचा मीटर तपासा

पाऊस ओसरला की गोराई-मनोरीच्या वाड्यांत आणि मुंबईतल्या नर्सऱ्यांत पंप पुन्हा रोज चालू लागतात. पावसाळाभर बंद राहिलेल्या लाइनीत गाळ, शेवाळ आणि लोहाचा तांबूस थर साचलेला असतो, आणि पहिल्याच दिवशी तो मीटरच्या चाकीत जाऊन बसतो. म्हणून आधी मीटर उतरवा, त्या जागी तेवढ्याच लांबीचा पाइप लावा, शेवटच्या कॅप उघडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत लाइन धुवा.

उतरवलेल्या मीटरची चाकी बोटाने फिरवून पाहा. ती अडखळली तर साध्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. तारेचा ब्रश किंवा अ‍ॅसिड लावू नका. आतल्या चुंबकाला गंजाचा काळपट चुरा चिकटतो, तो ओल्या फडक्याने टिपून घ्या. हे फक्त स्वतःच्या विहिरीवरच्या मीटरसाठी. महापालिकेच्या जोडणीवरच्या मीटरचं सील तोडू नका.

बसवताना बाण पाण्याच्या दिशेला, तबकडी वर. मीटरच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या दहापट आणि पुढे पाचपट सरळ पाइप हवा, म्हणजे ५० मिमी लाइनीत अर्धा मीटर आणि पाव मीटर. एल्बोला (पाइपाच्या काटकोनी वळणाला) लागून मीटर बसवला की पाणी आत गिरक्या घेतं आणि आकडा चुकतो. गाळणी मीटरच्या आधी, व्हेंच्युरी (पाण्यात खत ओढून मिसळणारी नळी) नंतर. पाणी कमी-जास्त करायचा व्हॉल्व्हही नंतरच, म्हणजे मीटरमध्ये पाइप भरलेला राहतो.

आता ड्रमची चाचणी; ही टाळू नये. २० लिटरच्या मापाने दहा वेळा पाणी ओतून ड्रमवर २०० लिटरची खूण करा आणि ड्रम रिकामा करा. लाइनीतली हवा निघाल्यावर नेहमीच्या वेगाने खुणेपर्यंत भरा. मीटरवर १९० लिटर आले तर तो ५ टक्के कमी दाखवतो. तीनदा करा. सिंचनाला एवढा फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर दुरुस्ती करून घ्या.

पण आकडा जास्त आला म्हणून लगेच मीटरला दोष देऊ नका. पंपाकडे पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपाच्या सांध्यातून हवा ओढली जात असेल, तर मीटर ती हवाही पाणी म्हणून मोजतो. पंप बंद केल्यावर काटा उलटा फिरला, तर फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाचा, पाणी परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळतोय.

५०० ड्रिपर (थेंब सोडणाऱ्या तोट्या), प्रत्येकी ताशी ४ लिटर, म्हणजे मीटरवर ताशी २००० लिटर दिसायला हवेत. लाइन धुतल्यावरचा पहिला आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे तो १७०० वर आला तर आधी फिल्टर उघडा. फिल्टर स्वच्छ असेल तर ड्रिपर तुंबलेत. २३०० झाला तर लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर लावलेल्या नळ्यांच्या, कडेने चालत जा: सांधा निसटलाय किंवा घुशीने नळी कुरतडलीय, तिथे माती ओली चिंब दिसेल.