पोस्टर आधी, तंबाखू नंतर

कॅनडात, उत्तर ऑन्टॅरिओतल्या सू लुकआउटसारख्या गावात समाजकार्याची नोकरी लागली, की वंशवादविरोधी समितीत तुमचं नाव घातलंच म्हणून समजा. परदेशातून आलेली, सावळी, म्हणजे हिला कळत असणारच! मला काही कळत नव्हतं.

गाव सहा हजारांच्या आतलं. पण बारमाही रस्ता नसलेल्या उत्तरेकडच्या तीसएक मूळनिवासी वस्त्यांतले लोक दवाखान्यासाठी विमानाने इथेच येतात. दुकानात कुणीतरी मागेमागे फिरतं, भाड्याचं घर नेमकं 'आत्ताच गेलेलं' असतं, अशा तक्रारी कानावर येतील. त्या लिहून घ्यायला शिकाल, जमतं ते.

मी अडकले ३० सप्टेंबरच्या कार्यक्रमात. मूळनिवासी मुलांना घरच्यांपासून तोडून सरकार आणि चर्च ज्या निवासी शाळांत ठेवत, तिथे नेलेल्या मुलांचा हा स्मरणदिन, २०२१पासून देशभर पाळतात. इथली पेलिकन लेकची शाळा १९२६ ते १९७८ चालली. म्हणजे तिथे शिकलेली माणसं आजही किराण्याच्या रांगेत तुमच्या पुढे उभी असतात. अशाच एका अनिशिनाबे (इथल्या मूळनिवासींपैकी एक समाज) आजींना बोलायला बोलवायचं ठरलं. ज्येष्ठांकडे काही मागायचं तर तंबाखू न्यायचा, हे मी वाचलं होतं. आमच्या आजोबांची चंची आठवून हसूही आलं. कापडात पुरचुंडी बांधली, गेले, टेबलावर ठेवली.

आजींनी चहाचा कप काही सोडला नाही. म्हणाल्या, "पोस्ट ऑफिसात माझं नाव लागलंय म्हणे."

पुरचुंडी तिथेच राहिली. हा नकार आहे हे कळायला मला दहा मिनिटं लागली.

नीट ऐका, कारण नेमकं हेच कुणी सांगत नाही. तंबाखू म्हणजे भेटवस्तू नव्हे. आधी तो पुढे करायचा, मग विनंती सांगायची, आणि समोरच्याने उचलला तरच होकार. न उचलण्याची मोकळीक असते म्हणून त्या विचारण्याला किंमत. मी तारीख, वेळ, पंधरा मिनिटं, सगळं ठरवून नाव छापून गेले होते. तिथे विचारण्यासारखं उरलंच काय होतं? निवासी शाळेत नेताना तरी त्या मुलांना कुठे कुणी विचारलं होतं! त्या रात्री मला झोप लागली नाही.

'इंग्रजांनी आम्हालाही लुटलं' हे वाक्य पहिल्या भेटीत काढू नका. मानधन रोख, त्याच दिवशी, पाकिटात. 'बिल पाठवा' अजिबात नको. अर्ध्या दिवसाच्या ऑनलाइन प्रमाणपत्राने नोकरीच्या अर्जातली एक ओळ भरते, बस. मार्गदर्शक हवा असेल तर सल्लागार शोधू नका, फ्रेंडशिप सेंटरच्या, म्हणजे गावातल्या मूळनिवासींच्या समाजकेंद्राच्या, स्वयंपाकघरात भांडी घासायला जा. माझं निम्मं शिक्षण तिथे झालं.

चुकलात तरी कुणी हाकलून देत नाही, एवढं खरं. आम्ही पोस्टरांवरच्या त्या नावावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. आजी कार्यक्रमाला आल्या, मागच्या रांगेत बसल्या, बॅनक, म्हणजे इथली जाडसर रोटी, खाऊन गेल्या.

पुढच्या वर्षी मी मार्चमध्येच गेले. हातात पोस्टर नव्हतं, तारीखही ठरली नव्हती. पुरचुंडी बाहेर काढायच्या आत त्यांनी बटाट्यांची पाटी पुढे सरकवली. मी सोलायला बसले.