प्लेट उतरवण्याआधी: जुन्या मॉरिसच्या थरथरत्या क्लचने मला काय शिकवले

जुन्या, म्हणजे आमच्या बोलीत व्हिंटेज, गाड्यांच्या दुरुस्तीत जे नव्याने उतरत आहेत, त्यांना माझे पहिले सांगणे हे की, गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना थरथरू लागली म्हणून लगेच इंजिन बाहेर काढायला घेऊ नका. मी तेच केले होते. एकाच गाडीचे इंजिन मी तीनदा उतरवले, आणि तिसऱ्या वेळची मजुरी मालकाकडे मागण्याचे तोंड मला उरले नव्हते.

ती १९५७ सालची मॉरिस मायनर होती, ९४८ सीसीच्या इंजिनाची. काटेकोर बोलायचे तर व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या. तरी केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, त्यामुळे गॅरेजमध्ये आम्ही सगळ्यांनाच व्हिंटेज म्हणतो. मालकांचे घर पुण्यात पर्वतीच्या बाजूला, भर चढावर होते आणि गाडी रोज नाक वर करून उभी असे. या तपशिलाचे महत्त्व मला फार उशिरा कळले.

क्लच घसरणे, क्लच न सुटणे आणि क्लच थरथरणे या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मालक मात्र तिन्हींना ‘क्लच खराब झालाय’ एवढेच म्हणतात. म्हणून गाडी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय पान्ह्याला हात लावू नये. थरथर गाडी गार असताना येते की तापल्यावर, पुढे जाताना जास्त की रिव्हर्समध्ये, सपाटीवर की चढावर, हे वहीत लिहून ठेवावे. पुढे आणि मागे जाताना थरथरीत ठळक फरक पडत असेल, तर दोष क्लच प्लेटच्या, म्हणजे इंजिनाची ओढ गिअरबॉक्सला देणाऱ्या चकतीच्या, बाहेर असण्याची शक्यता वाढते, कारण मागे जाताना इंजिनावर येणाऱ्या ओढीची दिशा बदलते, प्लेट मात्र तीच असते.

माझ्या वस्तादांनी गाडी जेमतेम दहा फूट चालवली आणि ‘प्लेट गेली’ असे सांगून ते चहाला गेले. त्यांच्या हाताला जे कळे ते त्यांच्या तोंडून कधी बाहेर आले नाही, आणि मला विचारायची भीती वाटे. आज मला वाटते की, चुकीचे का होईना पण कारण सांगणारा वस्ताद पत्करावा, कारण निदान त्याचे कारण तपासून तरी पाहता येते.

प्लेट बदलली. दोनतीनशे किलोमीटर गाडी बरी चालली, मग थरथर परत आली. नव्या लायनिंगचा, म्हणजे प्लेटवरच्या पकड घेणाऱ्या थराचा, पृष्ठभाग पुरता बसेपर्यंत त्याची पकड कमी असते आणि तेवढ्या काळात मूळ दोष दबून राहू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी दुकानदाराला दोष दिला, नाना पेठेतून दुसरी प्लेट आणली आणि इंजिन पुन्हा उतरवले. या वेळी थरथर पहिल्या दिवसापासून होती, उलट वाढलीच होती. त्याचे कारण माझीच घाई होती. इंजिन परत गिअरबॉक्सवर चढवताना चेन पुली थोडी सैल सुटली आणि काही क्षण इंजिनाचा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, म्हणजे प्लेटच्या मधल्या हबवर लटकला. एवढ्यानेही प्लेट वाकते. ती डोळ्यांना सरळ दिसते, पण डायल गेज (बारीक वाक मोजणारे काट्याचे मापक) लावले की लपत नाही. जोडणी करताना शाफ्ट हबमधल्या स्प्लाइनमध्ये, म्हणजे खाचांमध्ये, जात नसेल तर बोल्ट आवळून दोन्ही भाग जवळ ओढू नका, आणि बोल्ट लागेपर्यंत भार पुलीवर किंवा जॅकवरच राहू द्या. या एका बाबतीत मी कोणालाही सूट देत नाही.

आता मूळ कारणाकडे येतो. ते मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण माझे पाच महिने त्यातच गेले.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी फाउंडेशनवर, म्हणजे आधाराच्या रबरी ठोकळ्यांवर, बसलेले असतात, म्हणजे ते थोडे हलणारच. क्लचचे पेडल मात्र गाडीच्या अंगाला पक्के असते. मायनरमध्ये या दोहोंच्या मध्ये हायड्रॉलिक नळी नाही. पेडलापासून बेल हाउसिंगमधल्या (क्लचभोवतीच्या कवचातल्या) फोर्कपर्यंत, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या काट्यापर्यंत, दांड्या आणि लिव्हर यांचीच साखळी आहे. आता तुमचा पाय पेडलावर अगदी स्थिर आहे आणि क्लच नुकताच धरू लागला आहे, अशी कल्पना करा. क्लचने धरताच इंजिनावर उलटी ओढ येते आणि ते आपल्या जागेवरून कलते. फाउंडेशन ठीक असेल तर हे कलणे नगण्य असते. रबर फाटलेले असेल, तर बेल हाउसिंग दांडीच्या तुलनेत काही मिलिमीटर सरकते, फोर्क हलतो आणि क्लच तुमच्या पायाच्या हुकमाशिवाय थोडा सुटतो. सुटला की ओढ संपते, इंजिन जागेवर परत येते आणि क्लच पुन्हा धरतो. हे एका सेकंदात अनेकदा घडते आणि त्यालाच आपण थरथर म्हणतो. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, ती ज्यावर दाबली जाते ते इंजिनाचे फ्लायव्हील सगळे कोरे करकरीत असले तरी हा प्रकार थांबत नाही, कारण इथे तुमच्या पायाऐवजी इंजिनच क्लच चालवत असते.

याची परीक्षा फुकट आहे आणि दहा मिनिटांची आहे. बॉनेट उघडा, रॉकर कव्हर (इंजिनाचे वरचे झाकण) आणि मागची भिंत यांच्यामधल्या अंतरावर खडूने खूण करा, चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा आणि विश्वासातल्या माणसाला पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे कदापि उभे राहू नका. मग हीच परीक्षा रिव्हर्समध्ये करा. माझ्या मायनरचे इंजिन खडूच्या खुणेपासून बोटभर उडत होते, आणि पाच महिन्यांत बॉनेट उघडे ठेवून क्लच सोडून पाहण्याचे आम्हाला एकदाही सुचले नव्हते.

सापळ्याच्या आतही एक सापळा आहे. मी पहिल्याच दिवशी फाउंडेशन बॅटरीचा उजेड मारून पाहिले होते आणि ते मला धडधाकट दिसले होते. वरून तसे दिसतेच, कारण इंजिनाचे वजन फाटलेल्या रबराला दाबून धरते. सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली, लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन अगदी थोडे उचलले, तेव्हा डाव्या बाजूचे रबर लोखंडी पत्र्यापासून सुटले आणि मधल्या फटीत पीएमटीचे, म्हणजे पुण्याच्या शहर बसचे, जुने तिकीट सहज सरकले. रबर बोटाने दाबले तर ओल्या खडूसारखे भुसभुशीत लागले. ते वर्षानुवर्षे तेल पीत होते.

फाउंडेशन नेहमी सगळी एकदम बदलावीत. बोल्ट आधी हाताने बसवावेत, इंजिन थोडा वेळ चालू ठेवून त्याला आपली जागा घेऊ द्यावी आणि मगच आवळावेत. इंजिन पुढेमागे सरकू नये म्हणून जो स्टे असतो, तो अनेक जुन्या गाड्यांत कोणीतरी काढून टाकलेला असतो. तो पाहावा, नसेल तर मिळवावा, आणि बसवताना त्याने इंजिनाला एका बाजूला ओढून धरलेले नाही याची खात्री करावी. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हेही त्याच बैठकीत तपासून घ्यावेत. त्यांच्या ढिलेपणामुळेही हुबेहूब अशीच थरथर येते.

आता तेलाविषयी. या इंजिनाच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे ऑइल सील नाही. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, आटे कापलेले आहेत आणि शाफ्ट फिरत असताना ते तेल आत परतवतात. इंजिन बंद असताना ते काहीच करत नाहीत. म्हणजे नाक वर करून उभ्या केलेल्या गाडीत मागे जमलेले तेल निवांतपणे क्लचकडे निघते. बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक असते आणि त्यात एक स्प्लिट पिन सैल लोंबत असते, ती भोक बुजू नये म्हणून. ती पिन हलवून पाहा. तिथून येणारे तेल काळे असेल तर ते इंजिनाचे, स्वच्छ सोनेरी असेल तर गिअरबॉक्सचे. वासावर जाऊ नका, कारण मायनरच्या गिअरबॉक्समध्येही इंजिन ऑइलच घालतात. तेल खरोखर प्लेटपर्यंत पोहोचले असेल, तर ती प्लेट पेट्रोलने धुऊन वाचत नाही; लायनिंगमध्ये मुरलेले तेल गरम होताच पुन्हा वर येते. भोकातून मुलतानी माती फुंकण्याची जुनी युक्ती गाडी घरी आणण्यापुरती ठीक आहे, पण त्यावर बिल फाडणाऱ्या माणसाकडे काम शिकू नये.

इंजिन उतरवणे भागच पडले, तर फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत का ते पाहा, डायल गेजवर ते फिरताना तीन थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ०.०८ मिलिमीटरपेक्षा, जास्त डोलत असेल तर लेथवाल्याकडे द्या, आणि प्रेशर प्लेटची तिन्ही बोटे एका पातळीत आहेत का ते तपासा. त्या बोटांचे नट अंदाजाने फिरवू नका. प्लेट घेताना जुनी सोबत न्या. ९४८ सीसीची प्लेट सव्वासहा इंची आणि नंतरच्या १०९८ सीसीची सव्वासात इंची असते, आणि काउंटरवरचा माणूस दोन्हींना ‘मायनरची’च म्हणतो. बेल हाउसिंगमधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाका.

हे सगळे वाचून दडपण आले असेल तर सांगतो, थरथरणारा क्लच सहसा कोणाला रस्त्यात अडकवून ठेवत नाही. तो चिडवतो, पण शोधायला वेळ देतो. मलाही त्याने दिला होता, मी तो इंजिन उतरवण्यात घालवला. तिसऱ्या वेळी वाकलेली प्लेट बदलली, फाउंडेशन नवी बसवली आणि मालकांना गाडी उताराकडे तोंड करून उभी करायला सांगितले. चाचणीसाठी आम्ही कात्रज घाटात भर चढावर थांबलो आणि मी क्लच मुद्दाम हळू सोडला. डॅशबोर्डवर ठेवलेला खडूचा तुकडा जागचा हलला नाही. वस्ताद शेजारी बसले होते. ते म्हणाले, “बघ, प्लेटच होती.”