मुलींचा शालेय बास्केटबॉल संघ: जून ते फेब्रुवारी कसा चालवायचा

शालेय बास्केटबॉलचा सीझन खरं तर केवढा असतो, हे नव्या क्रीडाशिक्षकांना कुणी सांगत नाही. जिल्ह्याचे सामने बाद पद्धतीचे. पहिल्या फेरीत हरलात की वर्ष संपलं. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, आणि संघ जास्त असले की तेही कापून खेळवतात. जिंकत गेलात तर जिल्हा, मग विभाग (क्रीडा खात्याचे राज्यात आठ विभाग), मग राज्य, आणि तिथून निवड झाली तर राष्ट्रीय. बहुतेक शाळांच्या मुली जिल्ह्यालाच थांबतात. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की क्रीडा खात्याच्या परिपत्रकातल्या सीझनवर विसंबू नका. मुलींना वर्षभर सामने मिळतील असा सीझन तुम्हीच उभा करा. जिल्हा स्पर्धा हा त्यातला एक मुक्काम.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत खेळ शिकवते. मैदान सिमेंटचं आणि उघडं आहे. बोर्ड दोन, त्यातली एक रिंग मुलांनी लोंबकळून किंचित पुढं वाकवलेली. लाकडी कोर्ट आणि डोक्यावर छप्पर असलेल्यांनी यातलं त्यांना लागू पडेल तेवढंच घ्यावं.

जून: मुली निवडणं आणि पालकांशी बोलणं

स्कोअरशीटवर बारा नावं लागतात, पण सरावाला अठरा तरी घ्या. गळती होणारच. उंच मुलगी दिसली की व्हॉलीबॉलवाले, ॲथलेटिक्सवाले आणि आपण, तिघंही तिच्यामागं धावतो. मी हल्ली आधी खो-खो खेळलेल्या मुली शोधते. त्यांना खाली वाकून पळता येतं, दिशा बदलता येते, श्वास पुरतो. बचाव त्या लवकर शिकतात. सुरुवातीला बॉल हातात घेऊन सरळ पळत सुटतात आणि दर वेळी स्टेप्सची शिट्टी वाजते, पण ती सवय मोडता येते. आळशी पाय मोडून पुन्हा घडवणं अवघड.

सतरा वर्षांखालचा संघ करताना आठवी-नववीच्या मुली जास्त ठेवा. दहावीच्या मुलींना गणपतीनंतर अभ्यासासाठी घरून ओढ लागते. त्यांना वगळू नका, पण संपूर्ण खेळ एकीच्या खांद्यावर टाकू नका. क्रीडा सवलतीच्या गुणांचं आमिषही दाखवू नका. ते गुण कोणत्या स्तरापर्यंत पोहोचलात त्यावर ठरतात, आणि पालक ते शब्द बरोबर लक्षात ठेवतात.

पालकसभेला आयांना बोलवा. वडील होकार देतात, पण पहाटे डबा आईच करते. सराव सकाळी पावणेसात ते सव्वाआठ ठेवावा असं माझं मत आहे. संध्याकाळी क्लास असतात, आणि पावसाळ्यात अंधार लवकर पडतो. सभेत विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला: "बाई बरोबर असणार ना?" त्याचं उत्तर 'हो' असेल तर निम्मं काम झालं. बाहेरगावच्या सामन्याला शिक्षिका बरोबर असेल, परत किती वाजता येऊ, कपडे काय, हे तिथंच सांगून टाका. शॉर्ट्सखाली लेगिंग चालते, त्यावरून कुणाचं खेळणं थांबवायची गरज नाही. पाळीचंही आयांसमोर सरळ बोला. बरं वाटत असेल तर खेळायचं, पोट दुखत असेल तर बसायचं, कारण कुणी विचारणार नाही. किटबॅगेत क्रेप बँडेजशेजारी पॅड ठेवायचे.

पावसातला सराव

आमच्याकडं जुलैत सिमेंटवर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशनं घासा आणि चांगलं धुवून काढा. वायपर दोन लागतात. घासायला मुली आणि मुलं दोघंही, हे आधीच ठरवा, नाहीतर झाडू आपोआप मुलींच्या हाती जातो. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी व्हरांडा. तिथं बॉल नकोच. बचावाची सरक, जंप स्टॉप (पळताना दोन्ही पायांवर एकदम थांबणं), पिव्होट (एक पाय रोवून वळणं), आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उडी मारून उतरणं. उड्या आणि अचानक वळणं असलेल्या खेळांत मुलींच्या गुडघ्याच्या सांध्यातला एसीएल हा लिगामेंट मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतो. उतरताना दोन्ही पाय, गुडघे वाकलेले, आणि गुडघे एकमेकांकडं आत झुकता कामा नयेत. हे कंटाळवाणं आहे, तरी रोज दहा मिनिटं करून घ्याच.

बॉलच्या बाबतीत हट्ट धरा. मुलींचा बॉल सहा नंबरचा असतो, मुलांचा सात. शाळेच्या कपाटात बहुधा सातच असतात आणि "चालतंय की" असं उत्तर मिळतं. चालत नाही. मोठ्या बॉलवर शिकलेला हात सामन्यात लहान बॉल आला की अंदाज चुकतो. पावसाळ्यात रबरी घ्या, भारीतले कपाटात राहू द्या.

शिकवायचं काय

या वयात मुलींचे जिल्ह्याचे सामने कमी गुणांचे होतात. अठरा-चौदा असा निकाल नवलाचा नाही. तीन गुणांची रेषा पावणेसात मीटरवर आहे. तिकडून मारायची स्वप्नं रविवारी बघू द्या. सामना ठरतो तो चुकलेल्या लेअपवर, म्हणजे धावत रिंगखाली जाऊन जवळून टाकलेल्या बॉलवर. उजव्या हातानं आणि डाव्या हातानं, धावत, अंगावर कुणी येत असताना. मैदान मोकळं असताना घातलेले लेअप मी मोजतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रेस फोडणं. समोरचा संघ पूर्ण कोर्टवर अंगावर आला की मुली घाबरून कोपऱ्यात ड्रिबल करत जातात, दोघीजणी येऊन अडकवतात आणि बॉल गेला. आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची असते. आठ सेकंद पुष्कळ असतात, फक्त त्या मुलीला ते पटत नाही. उपाय साधा आहे: एक मुलगी मध्यभागी उभी, बॉल तिच्याकडं, ती तोंड फिरवते आणि मग कडेनं पळणारीला पास. ड्रिबल शक्यतो नाही. हे पाचजणींना सात-आठजणींविरुद्ध खेळवून घोटून घ्या, सामना सोपा वाटेल.

फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून मिळणारे मोकळे थ्रो, सरावाच्या अगदी शेवटी, दमलेल्या असताना. एकीला ओळीनं वीस देऊ नका. दोन मार, मैदानाला एक फेरी, परत दोन. सामन्यात तसंच मिळतात. क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून दोन-दोन मिळायला लागतात, आणि शेवटी दोन गुणांनी हरलेला संघ आपल्या चुकलेल्या फ्री थ्रो मोजत घरी जातो.

बचाव मॅन टू मॅनच आधी शिकवा, म्हणजे प्रत्येकीनं समोरची एकेक खेळाडू धरायची. झोन लावून, म्हणजे प्रत्येकीला मैदानाचा एक भाग सांभाळायला देऊन, जिल्हा जिंकता येतो, हे मला माहीत आहे. पण झोनमध्ये लपलेली मुलगी पुढं निवड चाचणीत उघडी पडते.

आपला सीझन

जुलैअखेरपासून दर शनिवारी किंवा रविवारी मैत्रीपूर्ण सामना. शेजारच्या तालुक्याची शाळा, नाही मिळाली तर आपलीच चौदा वर्षांखालची मुलं, नाहीतर कॉलेजात गेलेल्या माजी विद्यार्थिनी. या ताया आल्या की मुलींचा खेळ बदलतो, त्यांना धक्का कसा झेलायचा ते कळतं. शिट्टी तुम्ही वाजवू नका, दुसऱ्या शाळेच्या सरांना द्या. स्कोअरशीट राखीव मुलींना लिहायला लावा. फाउल, टाइमआउट, बाण कुणाकडं आहे (दोघींनी बॉल धरून ठेवला तर ताबा कुणाला), हे त्यातून जेवढं कळतं तेवढं फळ्यावर समजावून कळत नाही.

गौरी-गणपतीत सराव ठेवून चिडण्यात अर्थ नाही. ते दिवस आधीच विश्रांतीचे म्हणून लिहून टाका. नवरात्रात स्पर्धा आली तर उपवास सोडायला लावू नका. केळं, दूध, राजगिरा लाडू, भाजलेले शेंगदाणे चालतात. साबुदाण्याची खिचडी सामन्याच्या तीन तास आधी, नंतर नाही. एरवी सरावाआधी गूळ-शेंगदाणे आणि नंतर भाकरी-उसळ किंवा अंडं एवढं झालं तरी पुरे.

कागदपत्रं जुलैतच जमवा. परिपत्रकातली जन्मतारखेची अट शब्दन् शब्द वाचा. जनरल रजिस्टर आणि आधारवरच्या तारखा जुळतात का ते पाहा, जुळत नसेल तर दुरुस्तीला वेळ जातो. ओळखपत्रावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का फोटोवर अर्धा येईल असा घ्या.

सामन्याचा दिवस

दागिने चालत नाहीत. बांगड्या, पैंजण निघतात, प्रश्न असतो तो नुकत्याच टोचलेल्या नाकाचा. म्हणून जूनमध्येच सांगते, नाक-कान टोचायचे असतील तर दिवाळीच्या सुट्टीत. नखं आदल्या रात्री. केस घट्ट वेणी, टोकदार पिना नकोत.

पोचल्यावर आधी पंचांना विचारा: क्वार्टर किती मिनिटांचे, घड्याळ थांबवणार का, बॉल रिंगवर मारायचे चोवीस सेकंद कोण मोजणार. तुमच्या उत्तम खेळाडूला पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले तर बसवा. ती रडेल, रडू द्या. पाचव्या फाउलला ती कायमचीच बाहेर जाते. पूर्वार्धात टाइमआउट दोन आणि उत्तरार्धात तीन. प्रत्येक वेळी पाणी आणि एकच सूचना. मी पाहिलंय, काही सर मिनिटभर ओरडतात आणि मुली त्यांच्या तोंडाकडं नुसत्या बघत राहतात.

हरल्यावर बसमध्ये भाषण नको. पुढचा मैत्रीपूर्ण सामना कधी आणि कुणाशी, तेवढं सांगा. तारीख आधीच घेऊन ठेवलेली असावी.

दिवाळीनंतर

शाळेची शिडी वेगळी आणि जिल्हा बास्केटबॉल संघटनेची वेगळी, हे पालकांना माहीत नसतं. संघटनेच्या निवड चाचण्यांना चांगल्या दोघी-तिघींना घेऊन जा, शाळेचा संघ हरला असला तरी. पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारताचं नेतृत्व केलंय, हे मुलींना जरूर सांगा. त्यांना फक्त क्रिकेटवाल्यांचीच नावं ठाऊक असतात.

नोव्हेंबर ते जानेवारी आठवी-नववीच्या मुलींना पुढच्या वर्षीच्या जागांवर खेळवा. जी गार्ड, म्हणजे बॉल पुढं आणणारी, व्हायची आहे तिलाच आता बॉल आणू द्या, कितीही गेला तरी. दहावीच्या मुली पूर्वपरीक्षेत गुंतल्या की नवी कर्णधार निवडायची. मतदान नको, सरावाच्या हजेरीची वही काढा आणि त्यातून नाव ठरवा.

फेब्रुवारीत सामानाची यादी द्या: सहा नंबरचे बॉल, जाळ्या, पंप, सुया, पुढंमागं नंबर असलेले दोन रंगांचे टी-शर्ट. ३१ मार्चनंतर खर्चाचा विषय काढलात तर तो जूनवर जातो, आणि मग पुन्हा मुलांच्या बॉलवर सराव सुरू होतो.