पोफळींची गळ आणि चुन्याची चूक

फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरात (पोफळींच्या बागायतीत) गेल्या पावसाळ्यात कोळेरोगाने, म्हणजे सुपारी कुजवून गाळणाऱ्या रोगाने, पोफळींखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला, आणि तोही मे महिनाअखेर बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाची) फवारणी केलेली असताना. वडिलांनी पावसाला दोष दिला. मला मात्र कोवळ्या पानांवरील करपल्यासारखे डाग खटकत होते.

दोष चुन्यात निघाला. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो कळीचा चुना हे प्रमाण आम्ही पाळले होते. परंतु चुना मागील वर्षीचा, हवा लागून विरलेला असल्याने मोरचुदाची आम्लता पुरती मारली गेली नव्हती.

यंदा ताजा चुना आणून तो ५० लिटर पाण्यात विरघळवला, उरलेल्या ५० लिटरांत प्लास्टिकच्या पिंपात मोरचूद विरघळवले आणि ते द्रावण ढवळत ढवळत चुन्याच्या निवळीत ओतले. नंतर घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी त्यात बुडवली. पात्यावर तांबूस थर चढला, म्हणजे चुना अजून कमी होता; म्हणून तो चढेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी वाढवली. मिश्रण त्याच दिवशी संपवले. दुसरी फवारणी साधारण ४५ दिवसांनी, उघडीप साधून केली (पाडेली, म्हणजे पोफळीवर चढणारा माणूस, मिळवणे हे खरे कठीण काम!). यंदा गळ थोडीच झाली, पाने करपली नाहीत.