विंडो बंद केली की तिची जागा कोणाला?

सी भाषेत लिहिलेल्या माझ्या छोट्या टेक्स्ट एडिटरमध्ये सगळ्या विंडो (स्क्रीनचे विभागलेले भाग) एका सरळ लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे एकीला पुढची जोडलेल्या यादीत, होत्या. आडवी विभागणी असेपर्यंत ठीक. उभी आली आणि विंडो बंद केली की स्क्रीनवर भोक पडायला लागलं, कारण शेजारी नेमका कोण हे लिस्टला सांगताच येत नाही.

विम या एडिटरमध्ये उभी विभागणी ६.० पासून (२००१) आहे आणि तिथे फ्रेमचं (चौकटींचं) झाड असतं: झाडाचं पान म्हणजे विंडो, बाकी नोड (फांद्या फुटतात ते सांधे) म्हणजे चौकटींची ओळ किंवा स्तंभ. तेच उचललं. विंडो बंद झाली की जागा भावंडाला. नोडमध्ये एकच मूल उरलं, तर नोड काढून मुलाला त्याच्या जागी बसवायचं. ही पायरी गाळली तर झाड उगाच खोल होत जातं.

मजकूर बफरकडे (उघडलेल्या फाइलची मेमरीतली प्रत) ठेवला. कर्सर आणि वरची दिसणारी ओळ विंडोकडे. त्यामुळे एकच फाइल दोन विंडोत उघडून एकीत वर ओळ घातली, की दुसरीचे आकडेही सरकवावे लागतात. हे काम बफरच करतो.

शेवटचा क्रॅश अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाने दाखवला: रीड्रॉच्या (पुन्हा रंगवायच्या विंडोंच्या) यादीत बंद झालेल्या विंडोचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. आता यादीत पॉइंटरऐवजी विंडोचा क्रमांक असतो. सापडला नाही तर पुढे जायचं.