समुद्राच्या गाळातून जुनं तापमान काढायचंय? आधी डोळा तयार करा

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला जवळजवळ तोच प्रश्न विचारला. एक ताळगावला युनिव्हर्सिटीत एमएस्सी करतेय, एक कोल्हापूरचा जिऑलॉजीवाला आणि एक आमच्याच डिचोलीतली झूलॉजी झालेली मुलगी. ताई तुमच्या फील्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या गाळावरून जुनं हवामान शोधण्यात, यायचं तर काय शिकून येऊ, कुठलं सॉफ्टवेअर, कुठली मशीन? प्रत्येकीला-प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. माझं उत्तर थोडक्यात असं की मशीन नंतर, आधी मायक्रोस्कोपखाली बसा आणि फोरॅम ओळखायला शिका.

फोरॅम म्हणजे फोरॅमिनिफेरा, एकपेशीय जीव, पण स्वतःभोवती छोट्या कप्प्यांचं चुन्याचं कवच बांधतात. काही पाण्यात तरंगतात, काही तळावर राहतात. तरंगणारे दोन-चार आठवडे जगतात, मरतात आणि कवच खाली गाळात जाऊन पडतं, आणि हे हजारो लाखो वर्षं चाललेलं असतं. कवच बांधताना त्या पाण्याची केमिस्ट्री त्यात अडकते. आपलं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. कवच केवढं असतं तर बारीक रव्याच्या कणाएवढं, साधारण पाव मिलिमीटर.

माझी सुरुवात एमएस्सीच्या डिझर्टेशनपासून झाली. पहिल्या दिवशी मला वाटलेलं की कोअर (समुद्राच्या तळात पाइप खुपसून काढलेला गाळाचा लांब दंडगोल) म्हणजे काहीतरी दगडासारखं असेल, तर समोर प्लास्टिकच्या पिशव्यांत राखाडी-हिरवट चिखल, प्रत्येक पिशवी म्हणजे कोअरचा २ सेंटीमीटरचा तुकडा. तो ओव्हनमध्ये वाळवायचा, वजन करायचं, पाण्यात भिजवायचा आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवायचा. माती निघून जाते आणि चाळणीवर चिमूटभर पांढरी रेती उरते, ती रेती म्हणजे जवळजवळ सगळे फोरॅम. एक सॅम्पल झालं की चाळण मिथिलीन ब्लूमध्ये बुडवायची, म्हणजे जाळीत एखादं कवच अडकून राहिलं असेल तर ते निळं होतं आणि पुढच्या सॅम्पलमध्ये आलं तरी लगेच कळतं की हा पाहुणा आहे. ही सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या, घाईत ही पायरी गाळली तर हजार वर्षांपूर्वीच्या थरात दहा हजार वर्षांपूर्वीचं कवच जातं आणि नंतर कुणालाच पत्ता लागत नाही.

मग पिकिंग. काळ्या ट्रेवर रेती पसरायची, ट्रिपल झीरोचा, म्हणजे अगदी बारीक टोकाचा, ब्रश पाण्यात किंचित ओला करायचा आणि एकेक कवच उचलून ६० चौकटींच्या स्लाइडवर ठेवायचं. किमान ३०० कवचं मोजायची. मला पहिल्या सॅम्पलला अख्खा दिवस लागला आणि संध्याकाळी पणजीला कदंबाच्या बसस्टँडवर उभी होते तरी डोळ्यांपुढे गोल गोल फिरतच होते. आता दीड-दोन तासांत होतं. खुर्चीची उंची नीट लावा, अर्ध्या तासाने डोळे उचलून लांब बघा, मान गेली की काम गेलं.

ओळखायला काय काय लागतं? आपल्या अरबी समुद्रात सुरुवातीला दहा-बारा जाती पक्क्या झाल्या तरी बरंच काम होतं. ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर हा उबदार, अगदी वरच्या थरातला, पृष्ठभागाच्या तापमानासाठी सगळ्यात लाडका. ग्लोबिजेरिना बुलॉइडिसचं तोंड मोठं, कमानीसारखं, आणि त्याला खालून वर येणारं थंड, खाद्याने भरलेलं पाणी आवडतं. नैऋत्य मान्सूनचा वारा जोरात वाहिला की ओमान-सोमालियाच्या किनाऱ्याजवळ असं पाणी वर येतं आणि तिथे बुलॉइडिस वाढतो, म्हणून तिथल्या कोअरमध्ये बुलॉइडिसची टक्केवारी बघून जुना मान्सून जोरात होता की मंद होता याचा अंदाज करतात. म्हणजे नुसतं मोजूनसुद्धा हवामान कळतं, मशीनला हात न लावता! आणि चुकून रूबरच्या जागी बुलॉइडिस उचलले तर मशीन बिचारी बरोबर आकडा देईल, पण तो दुसऱ्याच पाण्याचा, दुसऱ्याच सीझनचा असेल.

एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. आमच्या कोअरमध्ये ४ मीटर ८० सेंटीमीटरच्या आसपास स्लाइड भरताना पांढऱ्या रूबरमध्ये एक गुलाबी दिसला. मला वाटलं डाग आहे, रंग लागलाय. ब्रशने फिरवून बघितलं तर आतल्या जुन्या कप्प्यांपासूनच गुलाबी होता, शिरीषाच्या फुलाच्या टोकासारखा. पुढच्या सॅम्पलमध्ये आणखी चार. गुलाबी रूबर आज अटलांटिकमध्ये जिवंत आहे, पण हिंदी आणि पॅसिफिक महासागरातून तो साधारण १ लाख २० हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. म्हणजे तो दिसला की समजायचं आपण तितक्या मागे पोचलो. सरांना हाक मारली, ते उठून आले, त्यांनी पण बघितलं, आणि आम्ही दोघं काही वेळ काही बोललोच नाही. ते पाच ठिपके ओळखता येणं कुठल्या सॉफ्टवेअरमधून आलं नसतं.

आता तापमानाचं. जुनी पद्धत ऑक्सिजनच्या आयसोटोपची, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणाची. हॅरॉल्ड युरीने १९४७ मध्ये त्याचा पाया घातला, सेझारे एमिलियानीने १९५५ मध्ये फोरॅमवर वापरून हिमयुगांचा आलेख काढला. पाणी थंड तर कवचात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन १८, जास्त, साधारण ४ ते साडेचार अंशांना हजारी १ चा फरक पडतो. पण हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकून बसतो, त्यामुळे समुद्राचं पाणीच जड होतं, आणि १९६७ मध्ये निकोलस शॅकलटनने दाखवलं की त्या आलेखातला मोठा भाग बर्फाचा आहे, तापमानाचा नाही. त्यात आपल्याकडे सह्याद्रीवरून पावसाचं गोडं पाणी किनाऱ्याला येतं ते वेगळंच. म्हणून जोडीला मॅग्नेशियम-कॅल्शियमचा रेश्यो लागतो. पाणी गरम तसं कवचात मॅग्नेशियम जास्त, दर अंशाला अंदाजे ९ टक्के. एकाच थरातल्या रूबरवर दोन्ही मोजलं की तापमान वजा करून, बर्फाचा वाटा वजा करून, उरतं ते खारेपणाबद्दल, म्हणजे पर्यायाने पावसाबद्दल सांगतं. इथे मला हा विषय सगळ्यात जास्त आवडतो, कारण दोन वेगळ्या साक्षी जुळवून बघता येतात.

पण इथेच माझी मोठी चूक झाली ती सांगते. ८० ते ९० सेंटीमीटरचा थर, म्हणजे आमच्या कोअरमध्ये शेवटच्या हिमयुगाचा कडाका, २१ हजार वर्षांच्या आसपास. समुद्राची पातळी तेव्हा जवळपास १२० मीटर खाली होती. आणि माझ्या तीन सॅम्पलचा रेश्यो आला ७ (कॅल्शियमच्या हजार अणूंमागे मॅग्नेशियमचे ७), म्हणजे तापमान ३२ अंशांच्या वर! हिमयुगात अरबी समुद्र आजच्यापेक्षा गरम? मी दोन दिवस आलेख उलटासुलटा करून बघितला, फॉर्म्युला तपासला, मग अ‍ॅल्युमिनियमचा कॉलम उघडला तर तोही उंच. कवचाच्या आत माती राहिली होती आणि मातीत अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्ही भरपूर असतं.

बाजारातून तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणल्या की आई त्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते, मग उघडून पुन्हा धुते, कारण बाहेरून कितीही चोळल्या तरी रेती आतच बसलेली असते. फोरॅमचंही तंतोतंत तेच. दोन काचांमध्ये कवच हळूच दाबून कप्पे उघडायचे, चूर्ण करायचं नाही, मग पाणी आणि मिथेनॉलमध्ये अल्ट्रासॉनिक, पुन्हा पाणी, पुन्हा पुन्हा, वरचं गढूळ पाणी काढत राहायचं, मग पेरॉक्साइड. मी कप्पे नीट उघडलेच नव्हते. नव्याने ३५-४० कवचं उचलली, पूर्ण सफाई केली, रेश्यो आला ३.८, म्हणजे साडेपंचवीस अंश. हा आकडा पटण्यासारखा होता. तेव्हापासून मी अ‍ॅल्युमिनियम, लोह आणि मँगनीज बघितल्याशिवाय तापमानाचा कॉलम उघडतच नाही, आणि तुम्हीही उघडू नका.

वयाबद्दल पटकन. वरच्या थरांना रेडिओकार्बन (कवचातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय), साधारण ४०-५० हजार वर्षांपर्यंत. आम्ही एका तारखेसाठी १० मिलिग्रॅम कवच पाठवायचो, आणि एका रूबरचं वजन १०-१२ मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळजवळ ९०० कवचं, सगळी एकेक करून उचललेली. समुद्रातला कार्बन मुळातच सुमारे ४०० वर्षं जुना दिसतो ते दुरुस्त करावं लागतं. त्याखाली आपला ऑक्सिजनचा आलेख जागतिक आलेखाशी जुळवायचा. आमच्या कोअरमध्ये हजार वर्षांना ४ सेंटीमीटर गाळ, म्हणजे २ सेंटीमीटरच्या एका पिशवीत ५०० वर्षं. त्यात तळावरचे किडे गाळ ढवळत असतात. त्यामुळे या कोअरमधून एखाद्या वर्षाचा दुष्काळ शोधतो असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता कुठे आणि कसं. गोव्यात राहणाऱ्यांचं खरंच नशीब आहे. दोनापावलाला एनआयओ (१९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), वास्कोला सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं एनसीपीओआर आणि ताळगावच्या पठारावर युनिव्हर्सिटी, सगळं एका तासाच्या आत. एमएस्सी जिऑलॉजी किंवा मरीन सायन्स, मग सीएसआयआर नेटचा अर्थ सायन्सेसचा पेपर किंवा गेट. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, वर घरभाडं. झूलॉजी-बॉटनीवाल्यांनी घाबरू नका, जाती ओळखण्यात तुम्ही आमच्या पुढे असता, फक्त गाळ कसा साचतो ते आणि थोडी केमिस्ट्री भरून काढा. आकडेमोडीसाठी आर किंवा पायथन यातली एक प्रोग्रॅमिंगची भाषा पुरे. मावशी मला अजून विचारते की चिखल बघून पगार कोण देतं. तेलाच्या कंपन्यांनाही विहिरीतल्या खडकाचं वय काढायला फोरॅम ओळखणारी माणसं लागतात, हे तिला सांगितलं की ती जरा शांत होते. पण जागा थोड्या असतात, पीएचडीला पाच वर्षं जातात, ते घरी आधीच स्पष्ट बोलून ठेवा.

जहाजावर जायची संधी आली तर सोडू नका. उलटीच्या गोळ्या निघायच्या आधी घ्यायच्या, सुरू झाल्यावर नाही. कोअर रात्री तीनला वर आला तर तीनला उठायचं, कारण लेबल लावताना वरचं टोक आणि खालचं टोक उलटं झालं तर सगळा इतिहास उलटा वाचला जातो. पाइपवर बाण काढायचा, आणि दुसऱ्या कुणाला तरी तो दाखवून खात्री करायची.

आणि इंटर्नशिपची वाट बघत बसू नका. ओहोटीला झुआरी किंवा मांडवीच्या काठाच्या चिखलातला वरचा एक सेंटीमीटर चमच्याने खरवडून डबीत घ्या, घरी बारीक मलमलीवर धुवा, सावलीत वाळवा आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली काळ्या कागदावर पसरा. अमोनिया नावाचा फोरॅम मिळण्याची चांगली शक्यता आहे, इवल्याशा गोगलगायीसारखा गुंडाळलेला. पाच मिळाले तर पाचांची चित्रं हाताने काढा, कप्पे मोजा, तोंड कुठे आहे बघा. डबीवर जागा, तारीख आणि ओहोटीची वेळ पेन्सिलने लिहा, शाई पाण्याने जाते. आणि ती चित्रं मला पाठवा, मी बघेन.