परभणीच्या उन्हाळ्यात कॅसेट जपायच्या तर

माझ्याकडं आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या एकतीस कॅसेट आहेत. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४४ च्या वर जातो, म्हणून त्या पत्र्याच्या कपाटात ठेवू नका, फीत खराब होते. जाड भिंतीच्या कोनाड्यात उभ्या लावा, स्पीकरच्या चुंबकापासून लांब. पावसाळ्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण फिरवून घ्या. गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी समजा. तशी कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, बुरशी दुसऱ्या कॅसेटनाही लागते. सैल झालेली फीत पेन्सिलीनं हळूच आवळा.

आणि जपून ठेवलेल्या कॉन्सर्टच्या तिकिटांना लॅमिनेशन नकोच! बरीच तिकिटं थर्मल कागदावर, म्हणजे उष्णतेनं छपाई होणाऱ्या कागदावर असतात, आणि तो लॅमिनेशनच्या उष्णतेनं काळा पडतो. माझं एक तिकीट दुकानात डोळ्यांदेखत कोळशासारखं झालं, आजही जीव तुटतो. आधी फोटो काढा, मग साध्या पाकिटात, अंधारात ठेवा.